गार लागतंय का?

मी बर्फाचा हात बोलतोय. जरा भरभर ऐका, कारण बाहेर मे महिना तापलाय आणि माझी बोटं कधीच गेलीत.

हात म्हणजे खरोखर हाताच्या आकाराचा. काल संध्याकाळी सोमाटण्याजवळच्या एका प्रसूतिगृहात कोमल सिस्टरनी एक रबरी हातमोजा नळाखाली धरला, पाण्यानं टम्म भरला, मनगटाशी गाठ मारली आणि मला फ्रीजरमध्ये ढकललं. तोवर मी पवना नदीचं साधं पाणी होतो. रात्रीतून मला पाच बोटं आली आणि दवाखान्यात नोकरीही लागली. वशिला नाही, मुलाखत नाही.

फ्रीजरमध्ये माझ्या शेजारी लोणावळ्याच्या फजचा डबा होता. त्यावर सिस्टरनी स्वतःचं नाव ठळक लिहून ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण ते नाव नीट वाचायचा आणि मगच त्यातला फज खायचा. पलीकडे ट्रेमध्ये बर्फाचे चौकोनी खडे बसले होते. काय तो त्यांचा तोरा! मला बघून म्हणतात, "हा कसला बर्फ? धड आकार तरी आहे का?" दुपारी उकाड्यानं हैराण झालेल्या मंडळींनी त्या सगळ्यांना कोकम सरबतात टाकलं. मी मोज्यात होतो म्हणून वाचलो.

आता माझं काम सांगतो, हसू नका. कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर टेकायचं आणि तिला गार लागतं का, ते बघायचं.

हल्ली बाळंतपणात दुखू नये म्हणून कमरेत, मणक्यापाशी, एक बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध सोडतात. कळा येत राहतात, पण त्यांचं दुखणं फारसं जाणवत नाही. आता औषध सगळीकडे नीट पोचलं की नाही, हे कसं ओळखायचं? तर अंगात गारवा आणि कळ साधारण एकाच वाटेनं चालतात. औषधानं ती वाट अडवली, की दोघांचीही पंचाईत होते. मी टेकलो आणि बाईला गार लागलं नाही, तर तिथं कळही फारशी दुखणार नाही, असं समजायचं.

"पण सरळ बाईलाच विचारा की, दुखतंय का म्हणून!" असं तुम्ही म्हणाल. फ्रीजरमध्ये असताना मीही असाच शहाणा होतो. मग मी माणसं पाहिली.

मानसी आंदर मावळातली, टाकव्याच्याही पुढच्या गावची. पहिलंच बाळंतपण. नवरा सुरज बाहेर बाकावर बसून स्वतःची नखं कुरतडत होता. आत तिच्या उशाशी होत्या तिच्या सासूबाई, हिरामावशी. तुम्हाला वाटेल, सासूचा ह्या नळीला विरोध असणार. चुकलात. सगळा हट्ट मावशींचाच होता. वडगावला एका लग्नात त्यांनी ह्या सुईबद्दल ऐकलं आणि घरी येऊन, सुनेला तीच द्यायची, असं जाहीर करून टाकलं. सासरे सीतारामभाऊ म्हणाले, "बायका काय आजच बाळंत व्हाया लागल्यात व्हय?" त्यावर मावशी म्हणाल्या, "तुमी येकदा हून दावा, मग बोला." विषय तिथंच संपला.

मावशींची एकच खोड होती. नळी बसवायच्या आधीपासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "माज्या वक्ताला कुटली आली सुई? भाताच्या खाचरातनं घरी आले न् मोकळी झाले. हूं न्हाई का चूं न्हाई. पर ही पोर नाजूक हाय." मानसी हे सगळं ऐकत होती. नाजूक तर ती ठरलीच होती. आता सुई घेऊनही दुखतंय म्हणाली असती, तर काय काय ठरली असती कोण जाणे.

नळी बसली, औषध गेलं, आणि सिस्टरनी मला फ्रीजरमधून काढून पलंगाशेजारच्या ट्रेमध्ये ठेवलं. मी त्यातून बाहेर डोकावत होतो, तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना आल्या. "मानसी, मघाशी सांगितलं ना, तसं सांग. आता दहापैकी किती?"

"धापैकी धा!" मावशींनी मानसीच्या आधीच उत्तर दिलं. "लय भारी सुई दिली मॅडम. तुमच्या हाताला गुण हाय."

डॉक्टर जागच्या जागी थबकल्या. "मावशी, दहा म्हणजे असह्य दुखतंय."

"अगं बया! मला वाटलं मार्क देताय. मग शून्य लिवा, शून्य."

"मी मानसीला विचारलं."

मानसीनं सासूकडे पाहिलं. "दोन," ती म्हणाली. पण पलंगाचा कठडा तिनं इतका आवळून धरला होता, की बोटं माझ्यासारखी पांढरी पडली होती. डॉक्टरांनी ती बोटं पाहिली आणि मला उचललं.

आधी त्यांनी मला मानसीच्या खांद्यावर टेकवलं. "हे गार लागतंय ना? असं गार लक्षात ठेव." मग उजव्या मांडीवर, मग पोटाच्या उजव्या बाजूला. "इथं गार लागतंय का?"

"नाही. नुसता हात लावल्यासारखं वाटतंय."

खरं सांगतो, अपमान झाला माझा. रात्रभर गोठून घ्यायचं आणि वर हे ऐकायचं! पण कामात असा अपमान झाला म्हणजे काम फत्ते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरांनी मला डावीकडे टेकवलं.

"आई गं!" मानसी दचकून उडालीच.

"गार?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे... खांद्याइतकंच," ती पुटपुटली.

मला काय आनंद झाला! पण डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला होता. "औषध एकाच बाजूला गेलंय. असं होतं कधी कधी, त्यात कुणाची चूक नाही. पण आता माझ्याशी खरं बोल. बाळाचे ठोके मघाशी जरा कमी झाले होते. आता ठीक आहेत. तरी पुढे सिझेरियनची वेळ आलीच, तर ह्याच नळीतून भूल द्यायची आहे. एक बाजू अशी भुलीविना उघडी असेल, तर मला तिच्यावर विसंबता येणार नाही. पुन्हा विचारते. डावीकडे दहापैकी किती?"

मानसीनं पुन्हा सासूकडे पाहिलं. "तीन."

मला पाणी सुटलं होतं, पण रागानं पुन्हा गोठायचाच काय तो बाकी होतो. हिच्या पोटावरून मी खरं ते काढून आणलं आणि ही परत झाकून ठेवतेय! डॉक्टरांना नळी बघायची होती, म्हणून त्यांनी मला मावशींच्या हातात दिलं. "मावशी, हा जरा धरा."

ही संधी मी सोडणार होतो का? मी माझा सगळा उरलासुरला गारठा एकवटला आणि मावशींच्या तळहाताला असा काही चिकटलो, की बस.

"आय आय गं! मेले, मेले!" मावशी मला ह्या हातातून त्या हातात नाचवू लागल्या. "ह्यो काय इस्तू हाय का काय!"

सिस्टर हसल्या. आणि कळ ओसरल्यामुळे जरा सैल झालेली मानसी पण हसली. "आई, एवढ्यानंच? आणि म्हणे, हूं नाही का चूं नाही!"

मावशी थांबल्या. मला त्यांनी घट्ट धरून ठेवलं, आता ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "खोटं बोलत हुते मी."

"काय?"

"सुरजच्या वक्ताला मी आशी वरडले, आशी वरडले, का गोठ्यातली म्हस दावं तोडून पळाली. समदं घर म्हशीमागं पळालं. माज्यापाशी सुईण येकटी. मागनं जो यील त्यो इचारी, म्हस घावली का? मला दुखलं का, ते कुणी इचारलं न्हाई. मग मीच सांगाया लागले, हूं न्हाई का चूं न्हाई म्हून."

मग पुढची कळ आली आणि मानसीनं कठडा सोडून मावशींचं मनगट धरलं.

"आठ!" ती किंचाळली. "मॅडम, आठ! डावीकडे, खाली! नऊ!"

"मोठ्यानं सांग," मावशी म्हणाल्या. "हितं म्हस न्हाई."

पुढचं काम डॉक्टरांचं. त्यांनी नळी केसभर मागं घेतली, मानसीला डाव्या कुशीवर वळवलं, आणखी थोडं औषध दिलं आणि रक्तदाबाकडे डोळे लावून बसल्या. औषधाला वेळ लागतो आणि मला तर वेळ अजिबात मानवत नाही. करंगळी गेली. मधलं बोट गेलं. डॉक्टर म्हणाल्या, "सिस्टर, दुसरा बर्फ आणून ठेवा." सिस्टरनी खाली मान घातली. दुसरा बर्फ सरबतातून सगळ्यांच्या पोटात गेला होता, आणि दोन पेले मावशींनीच रिचवले होते.

तेव्हा मावशींनी पिशवीतून धुतलेला टॉवेल काढला, त्याच्या घड्या घातल्या आणि मला आत गुंडाळून ठेवलं. मघाशी मला निखारा म्हणणारी बाई आता मला तान्ह्या बाळासारखी जपत होती. तरी डॉक्टरांनी मला परत मागितलं तेव्हा माझा फक्त तळवा शिल्लक होता.

खांद्यावर टेकलो. "गार," मानसी म्हणाली. पोटाच्या डावीकडे टेकलो. मी जीव तोडून गार होतो हो!

"गार लागतंय का?"

मानसी विचार करत राहिली. "नाही... नुसता हात."

"आणि दुखणं?"

"एक. खरंच एक, मॅडम. आता सासूबाईंकडे बघून नाही सांगत."

डॉक्टरांनी तरीही मला आणखी दोन-तीन ठिकाणी टेकवून खात्री केली. मला हा स्वभाव आवडला. तेवढ्यात मी पूर्ण विरघळलो.

सिझेरियन लागलं नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. जोर लावताना मानसी ओरडली, आणि मावशी तिच्याहून मोठ्यानं ओरडल्या.

आत्ता मी ट्रेमध्ये पडलोय, पाण्यानं भरलेला एक लिबलिबीत हातमोजा. मावशींच्या मांडीवर नात आहे, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवलाय. गावाहून त्यांची नणंद बोलतेय. "कसं काय झालं गं पोरीचं?"

"लय झ्याक, वन्सं. हूं न्हाई का..." मावशी अडखळल्या. त्यांची नजर माझ्याकडे गेली. "न्हाई वो. वरडली. आदी आर्धीच भूल लागली हुती, मग डॉक्टरनी नीट केलं. आन वन्सं, आपली म्हस दावं तोडून पळाली हुती, आठवतं? ती माज्या वरडन्यानं पळाली."

पलीकडून हळू आवाज आला, "हिरे, तुला लय दुखलं हुतं का गं?"

मावशींनी नातीच्या अंगावरचं दुपटं उगाचच सारखं केलं.

माझं म्हणाल, तर मी निघालोच. कोमल सिस्टर माझी गाठ कापायला कात्री घेऊन आल्यात. मोजा कचऱ्यात जाईल, मी मोरीत. जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरी कुणी "काही नाही, बरंय" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. आणखी एकदा विचारा, आणि बर्फ नसेल तर निदान थांबून उत्तर ऐका.

"थांबा वन्सं," मावशी सांगतायत, "धापैकी किती, ते सांगते. नीट आठवू द्या."

सिस्टर, ती कात्री जरा बाजूला ठेवा. आकडा ऐकून जातो.