तोटीची होडी

नारळी पौर्णिमेला खाडीच्या धक्क्यावर चपला राखायला एक माणूस लागतो. घरचे सगळे पुरुष अनवाणी ट्रॉलरवर चढतात, खाडीच्या मुखाशी जाऊन दर्याला नारळ देतात आणि वाजतगाजत परत येतात. तोवर त्यांच्या चपलांकडे कुणीतरी बघायला हवं, कारण दर्या कितीही प्रसन्न झाला तरी धक्क्यावरच्या चपलांची हमी तो घेत नाही. शिवाच्या घरात हे काम शिवाकडे होतं, आणि चाळीसेक वर्षांत त्याच्या ताब्यातली एक चप्पलही इकडची तिकडे झाली नव्हती.

कारण साधं होतं. शिवाला बोट लागायची. खारव्याच्या पोटी जन्मून बोट लागणं म्हणजे भटजीला धुपाचा ठसका लागण्यातलाच प्रकार. मिसरूड फुटायच्या वयात बापाने त्याला पहिल्यांदा मासेमारीला नेलं, तेव्हा त्याने जाळं, मासळी आणि थोरला भाऊ धाकू या तिघांवर सारखीच कृपा केली. बाप म्हणाला, "ह्याला शाळेत घाला, नायतर आमचं मासं आटवील ह्यो." मग शिवा शिकला आणि रत्नागिरीतल्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून यथावकाश निवृत्त झाला. आळीत त्याला मान होता. अर्ज लिहायचा असला की लोक त्याच्याकडे येत. पण दर्याचा विषय निघाला की त्याचा धाकटा पुतण्याही त्याच्याकडे पाहून पोटावर हात फिरवायचा. शिवा हसायचा. आतून त्याला ते फार लागायचं.

निवृत्त होताच त्याने ठरवलं, यंदा नारळ आपल्या हाताने द्यायचा आणि तोही आपल्या होडीतून. चपला गेल्या खड्ड्यात.

होडी त्याला मिळाली अलोऱ्याला, धरणाच्या कामासाठी वसलेल्या कॉलनीजवळच्या एका भंगारवाल्याकडे. अॅल्युमिनियमची जुनी मोटरबोट. कधीकाळी साहेब लोक तिच्यात बसून जलाशयाची पाहणी करत. आता कोंबड्या बसून करत होत्या. ती टेम्पोतून आळीत आली तेव्हा सगळी आळी दारात उभी राहिली. शिवाची बायको हिरा दाभोळच्या तांडेलाची लेक. बापाची होडी चालवतानाच ती लहानाची मोठी झालेली. तिने होडीभोवती एक फेरी मारली, पोचे आलेल्या पत्र्यावर टिचकी मारली आणि काही न बोलता आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. संसारात इतकी वर्षं काढल्यावर बाईला कुठे बोलायचं नाही ते कळतं.

धाकूला मात्र ते कधीच कळलं नव्हतं. त्याचे दोन ट्रॉलर होते आणि आवाज तिसऱ्या ट्रॉलरएवढा.

"शिवा, मेल्या, ह्या टोपात कितीजणांचा भात शिजंल?"

"दादा, ही होडी हाय."

"होडी लाकडाची नायतर फायबरची. हा टोप हाय. नि तोपण गोड्या पाण्यातला! आपला दर्या बघून चक्कर येईल त्याला. जसा टोप, तसा तांडेल." आळी खो खो हसली तसा धाकूला जोर चढला. "सगळ्यांच्या म्होरं सांगतो, ह्यो टोप नारळी पुनवेला मुखापातूर जाऊन परत आला, तर धक्क्यावं तुझ्या चपला मी धरीन!"

शिवा होडीतली कोंबड्यांची पिसं झाडू लागला. पण त्या दिवसापासून त्याची झोप कमी झाली.

परदेशातला एक दाढीवाला मोबाइलवर अशाच होडीची डागडुजी करून दाखवायचा. त्याचं नुसतं हत्यारांचं कपाट शिवाच्या माजघराएवढं होतं. तो म्हणाला, पत्रा आधी आंबट द्रावणाने धुवा. शिवाने विचार केला, घरात आंबट काय आहे? हिराने वर्षाचं कोकमाचं आगळ बरण्या भरून ठेवलं होतं. ती बाजारातून परतली तेव्हा होडी आरशासारखी चकाकत होती, बरण्या रिकाम्या होत्या आणि अंगणातल्या मुंग्या गुलाबी पाण्यातून वाट काढत होत्या.

"आता सोलकडी तुमच्या होडीलाच चाटा," हिरा म्हणाली. त्या घरात पुढे दोन महिने नुसती आमटी होत होती, आणि तीही पातळ.

पोचे काढायचे तर सल्ले हवेत, आणि आपल्याकडे सल्ल्यांचा दुष्काळ कधी पडत नाही. कुणी म्हणालं आतून ठोका, कुणी म्हणालं बाहेरून. ज्याने आयुष्यात खिळा ठोकला नव्हता तो तापवून ठोका म्हणाला. डांबर लावा, राळ लावा, सत्यनारायण घाला. शिवाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि लाकडी हातोडीने आपला आपण ठोकत राहिला. त्या ठोकण्याने दुपारची झोप उडाली म्हणून शेजारच्या यमुनाबाईंनी त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज द्यायचं ठरवलं. अर्ज लिहून घ्यायला त्या शिवाकडेच आल्या. त्याने चांगल्या अक्षरात लिहून दिला.

राहिली गळती. अशी होडी म्हणजे पत्र्याला पत्रा रिबिटांनी जोडलेला. कुठली रिबीट ढिली आहे ते बघायला होडी आतून पाण्याने भरायची. बाहेर जिथून ठिबकेल, ती जागा बुजवायची. आता हे ज्ञान शिवाला झालं ते भर मे महिन्यात. रत्नागिरीत चार महिने आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात बायका रिकामे हंडे वाजवतात, हे काही नवीन नाही. त्यात रस्ता खणणाऱ्या कुणा ठेकेदाराच्या यंत्राने आळीची पाण्याची लाइन फोडली होती. टँकर यायचा तो अवेळी, आणि ड्रायव्हर असा घाईत की जणू मागे वाघ लागलाय. निम्मं पाणी रस्त्यावर जायचं, उरलेल्यावर भांडणं व्हायची.

शिवाचा कचेरीतला मेंदू जागा झाला. त्याने यमुनाबाईंना गाठलं. "टँकर माझ्या होडीत रिता करू. मग तुम्ही सावकाश, रांगेत भरून न्या. सार्वजनिक हिताचं काम आहे." आपली होडी तपासून होणार, हे तो बोलला नाही. सार्वजनिक हिताची अशीच रीत असते.

टँकर रिता झाला आणि होडी चाळणीसारखी गळू लागली. शिवा खडू घेऊन खाली वाकला, तर खुणा करायला जागाच नव्हती. प्रत्येक ठिबकणाऱ्या रिबिटीखाली कुणा ना कुणाची बादली, पातेलं, तांब्या लागला होता. मेच्या उन्हात आळीतल्या बायका पाण्याचा थेंब वाया जाऊ देतील होय? पण त्यातून सोयच झाली. दुसऱ्या दिवशी यमुनाबाई येऊन सांगायच्या, "भावजी, उजव्या कुशीची टोकाची बुजली बरं का. पण कमळाच्या पातेल्यावरची अजून गळते." शिवा ती ठोकायचा, वरून रसायन भरायचा. पुढच्या टँकरला कमळाचं पातेलं कोरडं राहायचं आणि ती तोंड वाकडं करून घरी जायची. तिच्या हक्काची रिबीट गेली होती.

होता होता एके सकाळी काठोकाठ भरलेल्या होडीखालची जमीन खडखडीत कोरडी निघाली. शिवा ओणवा होऊन सगळीकडून हात फिरवून आला. त्याचे डोळे भरून आले. एवढा आनंद त्याला पोराच्या बारशालाही झाला नव्हता, आणि हे त्याने चुकून हिराला सांगितलंही.

आता होडी रिकामी करायची, रंग द्यायचा, इंजिन बसवायचं. इंजिन दाभोळला हिराच्या भावाकडे पडून होतं. ते आणायला शिवा दोन दिवस गेला. परत आला तो दारातच थबकला.

अंगणात मांडव होता. होडीला झेंडूची माळ होती. मागच्या बाजूला, तळातलं पाणी सोडायचं जे भोक असतं, ज्याला शिवाने जपून रबरी बूच बसवलं होतं, तिथे चकचकीत पितळी तोटी लावलेली होती. वर फलक होता: वॉर्डाच्या लाडक्या मृणालीताईंच्या अथक प्रयत्नांतून साकारलेल्या जलकुंभाचे लोकार्पण. ताईंचा फोटो होडीपेक्षा मोठा होता. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जागा: शिवाभाऊ' असं होतं. नगरसेविका मृणालीताईंनी तोटी फिरवली, पहिला तांब्या भरला, फोटो झाले आणि पेढे वाटले गेले. शिवालाही एक मिळाला.

"ताई, ही होडी आहे हो," तो पेढा हातात धरून म्हणाला.

"होती ना! आता ती सगळ्यांची आहे," ताई प्रेमाने म्हणाल्या आणि पुढच्या लोकार्पणाला गेल्या.

धाकू कुंपणापलीकडे पोट धरून हसत होता. "टोपाची टाकी झाली रं! आता पाणपोई घाल, पुण्य लागंल. चपलांच्या बाजूला बरी शोभंल."

त्या संध्याकाळी शिवा जेवला नाही. होडीचं काम पाणी बाहेर ठेवायचं; त्याच्या होडीला कौतुक मिळालं ते पाणी आत ठेवल्याबद्दल. रिकामी करावी तर आळीच्या तोंडचं पाणी पळवल्यासारखं होणार, न करावी तर पुन्हा धक्क्यावर चपला. असा तो बसला होता, तेव्हा हिरा शेजारी येऊन बसली.

"पाऊस आला की टाकीला कुत्रं विचारायचं नाय. तवर धीर धरा," ती म्हणाली. "नि इंजिन माज्या बापाचं हाय. ते दर्याशिवाय ऱ्हायाचं नाय."

झालंही तसंच. जूनमध्ये गटारं वाहू लागली तशी जलकुंभाची आठवण कुणालाच राहिली नाही. वाऱ्याने फलक फाटला, ताईंचं हसू तेवढं फांदीला लटकत राहिलं. शिवाने होडी पालथी केली, निळा रंग दिला, इंजिन बसवलं. तोटी मात्र निघेना. ताईंच्या प्लंबरने ती शिवाच्याच रसायनाने, शिवाच्याच डब्यातलं हातभर लावून बसवली होती. ते रसायन किती चांगलं आहे हे शिवाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खेचावी तर पत्रा फाटेल. शेवटी त्याने ती घट्ट बंद केली आणि तिलाही निळा रंग दिला.

नारळी पौर्णिमेला पुरुष नेहमीप्रमाणे धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉलरवर चढायला गेले. शिवाची होडी खाडीपर्यंत न्यायला कुणी उरलं नाही. तेव्हा यमुनाबाईंनी पदर खोचला. "चला गो! उन्हाळाभर पाणी दिलंन आपल्याला." बायकांनी होडी खांद्यावर घेतली. टोप म्हणून ज्याची टर उडवली होती तो पत्रा हलका होता. लाकडाची होडी अशी उचलली नसती. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकीने वाकून एकच प्रश्न विचारला, "तोटी बंद हाय ना?" यमुनाबाईंनी स्वतः पिळून पाहिली.

शिवाने चपला काढल्या. या टोकाला राखायला कुणी नव्हतं म्हणून धक्क्याच्या कडेला नीट जुळवून ठेवल्या. तेवढ्यात हिराने आपल्याही तिथे काढल्या आणि होडीत इंजिनापाशी जाऊन बसली.

"तू कुठं?"

"तुमी ओकायला वाकल्यावं सुकाणू कोण धरील?"

शिवा नारळ घेऊन पुढे बसला.

होडी तरंगली. एक थेंब आत आला नाही. मुखाशी लाटा लागल्या आणि शिवाच्या पोटाने आपलं जुनं व्रत मोडलं नाही. तो डाव्या बाजूला वाकला, उजव्या बाजूला वाकला, मध्ये श्वास घेतला. धाकूचा सजवलेला ट्रॉलर शेजारून गेला. सुकाणूवर धाकूचा मुलगा सर्वेश होता. धाकू दिसला नाही. आत केबिनमध्ये लपून हसत असेल, शिवाला वाटलं. मग दोन्ही हातांनी नारळ धरून तो उभा राहिला.  हिराने होडी लाटेवर अशी अलगद धरली की त्याला क्षणभर जमिनीवर असल्यासारखं वाटलं. त्याने नारळ सोडला. काय मागायचं ते इतकी वर्षं पाठ केलं होतं, पण ऐन वेळी काही आठवलं नाही. "घे बाबा," एवढंच म्हणाला आणि पुन्हा वाकला.

परत आले तेव्हा ट्रॉलर अजून मुखाशीच होते, बायका घरी गेल्या होत्या आणि धक्क्यावर एकच माणूस उभा होता. धाकू. धोतराचा सोगा खोचलेला, एका हातात शिवाच्या चपला, दुसऱ्यात हिराच्या. आजूबाजूला घरच्या सगळ्या पुरुषांच्या चपलांचा ढीग होता आणि धाकू त्या ढिगाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता.

चाळीसेक वर्षं शिवाने हेच चित्र मनात रंगवलं होतं. आता समोर दिसलं आणि त्याला बघवेना. थोरल्या भावाच्या हातात आपल्या चपला! तो तसाच गुडघाभर पाण्यात उतरून धावला आणि हात पुढे केला. "दादा, दे इकडं. नको."

धाकूने हात मागे घेतला. "थांब. तुझी होडी तरंगताना बघितली नि ट्रॉलरवरनं उतरलो. शबूद दिलाय. आदी पाय पूस." चपला त्याने खाली वाकून शिवाच्या पायांपुढे ठेवल्या, जुळवून, शिवा ठेवायचा तशाच. उठताना त्याने कमरेला हात लावला.

"ओकलास?"

"व्हय."

"नारळ?"

"दिला."

धाकूने मान हलवली. खाडीकडे बघत, आवाज उतरवून, जसा तो कधीच बोलत नसे तसा तो म्हणाला, "शिवा, सगळे गेले रे पुढं. वाजंत्री लांब लांब गेली. मी एकटाच हितं ऱ्हायलो, ह्या चपलांत. घटकाभरात जीव नको झाला. तू येवढी वर्सं कसा रे उभा ऱ्हायलास?"