सुषमाचा कान

वरवंडच्या गॅरेजात आलेलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "वहिनी हायत का?" बिरदेवच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हात काळे त्याचे, आन् नाव बायकोचं! सुषमा नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायची. म्हणून त्यानं तिला मुद्दाम माहेरी, मांडवगणला धाडलं.

दुसऱ्याच दिवशी नवनाथ जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला. गिअर बदलताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायचीच नाही. बिरदेवनं ऑइल बघितलं, वायरी तपासल्या. काही कळेना. शेवटी काचा चढवून तो एकटाच चक्कर मारायला गेला आन् फोनवर सुषमाला म्हणाला, "नुसतं ऐक."

परतल्यावर छाती काढून सांगितलं, "गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेटा झिजल्यात."

"बरं," नवनाथ म्हणाला, "आन् वहिनी कवा येणार म्हणाल्या?"