किसनाची माय

माघ वद्य तृतीया. तुरीची डाळ पाखडायची होती, आणि डाळ पाखडायची म्हणजे किसनाच्या मायला हाक मारायची, ही देऊळघाटातल्या आमच्या गल्लीची रीत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती अंगणात बसे, एक गुडघा उभा, एक मांडी भुईला टेकलेली. आणि तिच्या हातातले सूप वर जाई, खाली येई, क्षणभर थांबे, पुन्हा वर जाई. इतर बायांचे सूप खरखरे, तिचे श्वास घेतल्यासारखे वाजे. फोलपटे उन्हात सोनेरी होऊन तिच्या पांढऱ्या केसांवर बसत, ती झटकत नसे. हातावरचे गोंदण कातडीबरोबर सैल झालेले, हलत्या पाण्यातल्या सावलीसारखे अस्पष्ट.

किसन कोण, हे नव्या सुनांना सांगावे लागे. तो तिचा एकुलता एक. पाचवे वर्ष लागले आणि तापाने गेला. मागोमाग नवराही गेला. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण गल्लीची हाक तीच राहिली. त्या हाकेला ओ देण्यापूर्वी ती किंचित मान मागे वळवी, जणू ज्याचे नाव घेतले तोही येतो आहे का ते पाहावे.

त्या सकाळी मला डाळीपेक्षा दुसऱ्याच कामाची घाई होती. स्वराज्य आले होते, वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, आणि पहिल्यांदाच प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळणार होते. आधी ज्याच्या नावावर शेत त्याला मत, फार तर त्याच्या बायकोला. पटवाऱ्याशी बाया दाराआडूनही बोलेनात, म्हणून गल्लीतल्या बायांची यादी मी लिहून दिली होती. मी मास्तरांची बायको, चार इयत्ता शिकलेली, कामाला झटपट. अमक्याची बायको, तमक्याची माय, असे अर्ध्या तासात उरकले. आता बुलढाण्याहून हुकूम आला होता की अशा नोंदी रद्द. उद्या दुपारपर्यंत खरी नावे आली नाहीत तर त्या बायांना मत नाही. चूक माझी होती, निस्तरणेही माझ्याकडेच आले. बाकीच्या बायांनी लाजत, हसत नावे सांगितली. हिचेच राहिले होते.

"मावशी, नाव सांगा."

सूप थांबले नाही. "लिहिलं व्हतं ना तुनं? किसनाची माय."

"ते चालत नाही म्हणतात."

"कोनाले चालत नाही? मले त चालते."

नाव नसेल तर मत नाही, हे मी समजावले. तिने ऐकले. मग विचारले, "अन् जुनं खोडतीन?"

"खोडतील."

सूप थांबले. "दुसऱ्या कोन्या कागदावर नाही व बाई तो. शाळेतबी घातला नव्हता अजून."

घाईत लिहिलेले ते दोन शब्द तिच्या मुलाची सरकारदरबारची एकुलती एक नोंद होती. फोलपटे खाली बसली.

"वोट टाकाले कोन जाईन?" तिने विचारले. "तो का मी?"

"तुम्ही."

"मंग लिही. सारजा." हे नाव तिने सुपातला खडा वेचून बाजूला ठेवावा तसे उच्चारले. "मालकाचं तुले ठाव हाये, तूच लिही, माह्या तोंडून नाही निघत. अन् गल्लीत हाक बदलशीन, त पुढच्या साली डाळ तूच पाखडजो."

मी लिहिले. ती कागदाकडे वाकून पाहत होती. वाचता येत नव्हते तरी.

"तुह्यं काय लिहिलं व, मास्तरीन?"

मी पटवाऱ्याकडे दिलेल्या यादीची नक्कल उलटली. पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात: मास्तरांची बायको.

"चार इयत्ता शिकेल बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून मी बुलढाण्याला पायी गेले. नव्या यादीत पहिले नाव माझे होते, शेवटचे सारजा. कारकुनाने जुन्या नोंदीवर एक रेघ ओढली. ती वाळेपर्यंत मी टेबलापाशी उभी राहिले. रेघेखालचा किसन वाचता येत होता. परतताना तिच्या दाराशी थांबून मी हाक मारली, जुनीच, आणि तिने आधी किंचित मान मागे वळवली. माणूस एका दिवसात जातो. त्याचे नाव जायला किती वर्षे लागावीत, हे मागे हाक मारणाऱ्यांवर असते.