यादीतलं तिसरं नाव

सरकार पडलं की इतर गावांत लोक शिव्या देतात. आमच्या गावात चर्चमध्ये मेणबत्ती लावतात. बल्गेरियाच्या या डोंगरावर आम्ही तिघंच उरलो होतो: मी रांगेल, शेजारचा निकिफोर आणि चर्चखालच्या घरातली झ्लाता. सरकार पडलं की निवडणूक लागते, आणि निवडणूक लागली की शहरातून जीप चढून येते. जीपमध्ये मतपेटी आणि पाच माणसं!

आम्ही तिघं सव्वासातलाच मत देऊन मोकळे. पण कायदा असा गोड, की त्या पाच जणांना संध्याकाळी आठपर्यंत जागचं हलता येत नाही. कायद्यानं बांधून घातलेले असे पाहुणे कुठल्या राजाला मिळालेत? बंद शाळेतली शेगडी पेटते. झ्लाता बनित्सा आणते, चीज घातलेली, गरम. निकिफोर राकिया आणतो, घरी गाळलेली दारू, आणि मी गोष्टी. मागच्या खेपेला सांगितलं, की एकदा एक अस्वल मतदानाच्या रांगेत उभं राहिलं आणि ओळखपत्र नाही म्हणून त्याला परत जावं लागलं.

"गेलं गुपचूप?" त्या पाच जणांतल्या चिटणीस पेतिंकाबाईंनी विचारलं.

"छे हो! तक्रार लिहून गेलं. अक्षर निकिफोरपेक्षा बरं होतं."

चार वर्षांत सात निवडणुका झाल्या. त्यात आमचाही हात आहे. आम्ही तिघं ठरवून एकमेकांच्या हाडवैरी पक्षांना मतं देतो. कुणालाच बहुमत नको.

बाकीच्या देशांकडेही आम्हालाच बघावं लागतं. निकिफोरचा मुलगा जर्मनीत. तिथली आघाडी मोडली तेव्हा हा गृहस्थ दोन दिवस नीट जेवला नाही, जशी काही याच्याच घरात वाटणी झाली. झ्लाताची मुलगी इटलीत, मिलानला. माझं कुणीच कुठे नाही, म्हणून उरलेला युरोप मी सांभाळतो. फ्रान्समध्ये पंतप्रधान टिकत नाहीत, तो घोर मला.

वसंतात कागद आला. यादीत तीन नावं नसतील तर पेटी खालच्या गावी जाणार. खालचं गाव बारा किलोमीटर, आणि निकिफोरचे गुडघे त्याला शाळेपलीकडे नेत नाहीत. पेटी गेली की पाच माणसंही गेली. आणि नेमकं त्याच आठवड्यात झ्लाताच्या मुलीनं आईला घेऊन जायचं ठरवलं.

"जाऊ नकोस," बाकावर बसून मी म्हटलं. "इटलीत दूध उतू जायच्या आत सरकार पडतं."

"मग बरंच की. रोज पाहुणे."

"भाषा येत नाही तुला तिथली."

"येते ती बोलायला इथे तरी कोण आहे? निकिफोर बहिरा, आणि तू धड खरं बोलत नाहीस."

"ऐकलं हं मी," निकिफोर म्हणाला.

जाताना ती एवढंच बोलली, "पत्ता बदलणार नाही मी. नाव राहू दे यादीत. तुमचे पाहुणे तुटायला नकोत."

उन्हाळ्यात सरकार पडलं आणि जीप आली. यादीत नावं तीन, शाळेत माणसं दोन.

"आजोबा, बनित्सावाल्या बाई कुठायत?" पेतिंकाबाईंनी विचारलं.

"इटलीच्या सरकारनं सल्ल्याला बोलावून घेतलंय."

सगळे हसले. चारच्या सुमाराला माझा फोन वाजला, तो घेऊन मी बाहेर ओट्यावर आलो.

"आले का रे सगळे?" झ्लाताच होती.

"पाचही आलेत. तू कुठे आहेस?"

"रस्त्यावर. समोर इथल्या बल्गेरियन लोकांसाठी आपलं मतदान चाललंय. रांग कोपरा वळून पार पलीकडे गेलीय. कुणीतरी भरलेल्या मिरच्या आणल्यात, वास येतोय. आणि रांगेल, सगळे आपल्या भाषेत भांडतायत! मुलगी सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. जावई माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलतो."

"मग बघत काय उभी राहिलीस? शिर रांगेत."

"इथे मत दिलं की तिथलं नाव कापतात. विचारलं मी. राहू दे, मी या बाजूनंच बघते. तेवढंही पुरतं."

आत निकिफोर माझीच एक गोष्ट चुकीची सांगत होता, आणि तरी पाचही जण हसत होते. पेतिंकाबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, या ना! यांना शेवट आठवत नाहीये."

मी त्यांना हातानं थांबवलं.

"झ्लाता, तो नियम गेला," मी म्हटलं. "आजच नवा कागद आणलाय यांनी. आता दोन नावं पुरतात."

"खरंच?"

"पेतिंकाबाई इथेच उभ्या आहेत. देऊ का फोन?"

पेतिंकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या पिशवीत असा कुठलाच कागद नव्हता.

फोनमध्ये रहदारीचा आवाज मागे पडला आणि आपल्या भाषेतली भांडणं जवळ आली. मग झ्लाता म्हणाली, "रांग फार मोठी आहे रे. तीन तास तरी जातील."

"मग चांदी आहे तुझी," मी म्हटलं. "घाई करू नकोस. सगळ्यांत मागे उभी राहा."