चांद्याचा घोट

“ते नळकांडं खाली ठेव, भिकू,” म्हातारा हिरू गोठ्याच्या दारातून म्हणाला.

भिकूने वळूनही पाहिले नाही. बांबूच्या नळकांड्यात काढा भरून तो बैलाचे तोंड वर करू लागला. चांद्या कालपासून गोठ्यात बसून होता. कान पडलेले, तोंडातून लाळेची तार. सोमीच्या शेताची चिखलणी अर्ध्यावर राहिली होती आणि हा गेला तर तिची जोडीच मोडणार होती. भिकू तिचा दीर. तलासरीकडच्या त्या पाड्यावर आजारी बैलाला पाजायची रीत त्याच्या आजापासूनची.

“काका, तू दवाखान्यात नुसती शिंगंच धरलीस ना? डॉक्टर कधी झालास?” भिकूने टोमणा मारला.

हिरू हसला. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून एकतीस वर्षे त्याने खरोखरच शिंगे धरली होती. “शिंगं धरणाऱ्यालाच तोंड जवळनं दिसतं, बाबा. हा तिवा आहे, तीन दिवसांचा ताप. डॉक्टरांनी सकाळी सुई दिलीय. आता तोंडातनं काही ओतायचं नाही.”

“का पण?” सोमीने विचारले.

हिरू पेंढ्यावर मांडी घालून बसला. कोपरावर हलकेच चापट मारून त्याने तळहात तिच्यापुढे धरला. “हे बघ चिलट. राईच्या दाण्याहून बारीक. ओल्या शेणात, चिखलात वाढतं नि सांज झाली की गुरांना चावतं. असल्यांच्याच चाव्यातनं हा ताप येतो. तापात कधी कधी बैलाचा गळा लुळा पडतो. मग ओतलेलं पोटात जात नाही, छातीत जातं.”

“तुला काय ठाऊक?” भिकू म्हणाला.

हिरूची नजर नळकांड्यावर गेली.

“मला नोकरी लागायच्या आधी आमचा बैल असाच बसला होता. मी पाजलं. असंच नळकांडं होतं. ठसका लागला त्याला. सकाळी गेला.” त्याने तळहात धोतराला पुसला. “बाबानं पाड्याला सांगितलं, तापानं गेला. मला कधी बोलला नाही. मीही तेच सांगत आलो. आज पहिल्यांदा खरं बोलतोय.”

भिकूने चांद्याचे तोंड हळूच खाली ठेवले.

मग दोन दिवस तिघांनी मिळून बैलाची कूस बदलली, अंगाखाली कोरडा पेंढा सारला. सांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, तर फुंकणी सापडेना. भिकूने सळई तापवली आणि नळकांड्याच्या बुडाचे बंद पेर फोडून त्याचीच फुंकणी केली.

“आता ह्यानं कुणाला पाजता येणार नाही,” तो पुटपुटला आणि निखाऱ्यावर फुंकू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चांद्याने कान उचलले. मागचे पाय उभे केले, गुडघ्यांवर थरथरत थांबला आणि उठला.

“उठला गं बाई माझा राजा!” सोमी बादली घेऊन धावली.

“लगेच जुंपू नको हां त्याला,” हिरू म्हणाला.

“तोवर माझी जोडी घे, वहिनी,” भिकू म्हणाला.

चांद्याने बादलीत तोंड घातले. हिरूने त्याच्या गळ्याखाली तळहात लावला. एक घोट हाताखालून सरकला. मग दुसरा. बादली रिकामी झाली, तरी त्याने हात काढला नाही.