बुजवलेला झरोका

मित्रांनो, टाकवे गावात केरबांच्या घरी, आतल्या खोलीत, छताच्या जरा खाली माझी जागा आहे. मी एक जुना झरोका आहे. हातभर लांब, वीतभर उंच, मध्ये सागाचे गज. भिंत रचताना केरबांच्या वडिलांनी गवंड्याला बजावलं होतं, "घराला नाक ठेव रं बाबा!" तेव्हापासून आतला धूर बाहेर सोडायचा आणि बाहेरचा वारा आत घ्यायचा, हेच माझं काम. देवळात कीर्तन उभं राहिलं, की टाळ-मृदंगाचा गजरही माझ्याच वाटेनं घरात यायचा. केरबांची बायको सरुबाई हातातलं काम थांबवून म्हणायची, "बुवांचा गळा आज लय गोड लागलाय." कौतुक बुवांचं, पण फुगायचो मी.

मग टेकडीपाशी खडी फोडायची मशिनं लागली. पांढरी धूळ तुळशीवर बसली, हंड्यावर बसली, देवाच्या तसबिरीवरही बसली. सरुबाई सारखी केर काढी. कोरड्या केरसुणीनं धूळ उडे आणि पुन्हा तिथंच बसे. बोलणी मात्र मला. "ह्या मेल्या भोकातनंच येतं समदं!"

माघात त्यांची लेक रेणुका बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या, त्याच दिवशी केरबांनी शिडी लावली आणि जाड प्लास्टिक चिकटपट्टीनं माझ्यावर गच्च बसवलं. "आता धूळ न्हाई, गारठा न्हाई," ते हसत म्हणाले. "नात माझी राणीवानी निजंल."

माझा श्वास बंद झाला. आतलं मात्र मला सगळं दिसत होतं.

आपल्याकडं बाळंतिणीला शेक देतात, बाळाला धुरी देतात. सरुबाईनं बाजेखाली कोळशांची शेगडी ठेवली, वर ओवा टाकला. या खोलीत अशा कितीतरी बाळंतिणी शेकल्या. त्यांचा सगळा धूर मी मुकाट्यानं बाहेर नेला, म्हणून तो कधी कुणाच्या ध्यानातच आला नाही. आता तो माझ्यापर्यंत यायचा आणि प्लास्टिकला थटून पुन्हा खाली वळायचा.

सप्ताहाचं कीर्तन होतं. केरबा आधीच देवळात गेले होते. दिवेलागणीला सरुबाई नवं लुगडं नेसून निघाली.

"आई, डोकं लय जड झालंय गं," रेणुका म्हणाली.

"बाळंतिणीचं डोकं जडच असतंय, बाये. शेक घे, झोप काढ."

"दार तरी उघडं ठेव."

"आन् धूळ कोण खाईल, तुजा नवरा?" सरुबाई हसली. जाताना तिनं निखारे फुलवले, दार ओढलं आणि खालच्या फटीत गोधडी कोंबली. लेकीची माया होती हो ती सगळी! म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

निखारे लालबुंद झाले, तसा धूर हळूहळू विरला. खोली स्वच्छ दिसू लागली. पण कोळशातून एक विषारी वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाळ आधी किरकिरलं. मग कण्हलं. मग गप्प झालं. रेणुकेला वाटलं, झोपलं. तिनं त्याच्या गालाला हात लावला, हाक मारली, हलवून पाहिलं. बाळ हललं नाही.

ती उठायला गेली आणि कोसळली. बाळाला छातीशी धरून दाराकडं सरपटली. गोधडी ओढायचं बळ हातात नव्हतं, म्हणून पायानं दारावर लाथा मारू लागली. मी उघडा असतो तर तिची हाक आळीत गेली असती. लाथांचा आवाज मंदावत गेला.

देवापुढं ठेवायचा नारळ सरुबाई घरीच विसरली होती. तो न्यायला केरबा परतले. त्यांनी दार ढकललं, तर लेक दाराशीच पडलेली. दोघींना त्यांनी अंगणात ओढलं. भर धुळीत, त्या गार वाऱ्यात, बऱ्याच वेळानं बाळ रडलं.

वडगावच्या डॉक्टरांनी दोघींना वाचवलं. आता माझं प्लास्टिक गेलं. शेगडी अंगणात असते, शेकायची फडकी तिथं गरम करून आत आणतात. जमीन ओल्या फडक्यानं पुसतात. मशिनं चालू असली, की माझ्यापुढं मांजरपाटाचं ओलं कापड सोडतात आणि ती थांबली, की दार-खिडक्या सताड उघडतात.

पण मित्रांनो, घडलं ते सरुबाईनं कुणालाच सांगितलं नाही. "लोक म्हणतील, आईनंच लेकीला कोंडलं," म्हणते आणि पदरानं डोळे टिपते.

आज गजांतून मला समोरचं भामाबाईंचं घर दिसतंय. त्यांची सून सकाळीच बाळ घेऊन आली. त्यांच्याही झरोक्यावर प्लास्टिक आहे. दाराआड कुणीतरी निखारे फुंकतंय. मघापासून धूर काही बाहेर येत नाही.

मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. उठा, जाऊन ते दार वाजवा.