भास्करकाकांचं शेवटचं सांबर

मेलबर्नच्या टार्निट उपनगरात राहणाऱ्या नंदूला कुणाला तोंडावर नाही म्हणायला जमतच नसे. ऑफिसात 'नो वरीज' म्हणत साऱ्यांची कामं अंगावर घ्यायचा, आणि थोरामोठ्यांपुढे तर विचारूच नका! अशा माणसाला भास्करकाकांनी शिकारीला सोबत न्यावं, हे दुर्दैवच म्हणायचं.

काका चाळीस वर्षं मेलबर्नमध्ये, आणि दर हिवाळ्यात डोंगरात सांबरामागे; तिकडे सांबराची शिकार परवान्याने करता येते. यंदा डोळ्यांनी दगा दिला. दुर्बिणीत जनावर दिसायचं, पण ते आडवं उभं आहे की तोंड इकडे करून, ते कळायचं नाही.

"हा शेवटचा सीझन," ते नंदूला म्हणाले. "बंदूक माझी, नजर तुझी. आडवं असेल, पुढच्या पायामागची जागा मोकळी असेल, तरच हो म्हण. तिथे लागली की जनावर जागीच संपतं. इकडेतिकडे लागली, तर फार हाल होतात रे."

तीन दिवस नुसती पायपीट झाली. चौथ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडे सांबर येऊन थांबलं. तिरकं होतं, छाती यांच्याकडे, खांद्यावर फांदी आलेली.

"नंदू, आडवं आहे ना?" काकांचा आवाज आनंदाने थरथरत होता. दुसऱ्या दिवशी घरी परतायचं होतं. नाही हा शब्द नंदूच्या अगदी जिभेवर आला होता. पण काकांचा चेहरा बघितला, आणि मेल्याने तो शब्द गिळला.

"हो, काका."

गोळी सुटली. सांबर कळवळून उधळलं. रक्ताच्या थेंबांमागे दोघं दोन तास चालले. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं, पोट फाटलेलं, मान उचलायला धडपडत होतं. शेवटची गोळी नंदूने घातली. त्याला हुंदका आवरेना.

काका गुडघ्यांवर बसले. जखम हाताने चाचपली, हळूहळू, पुढून मागे.

"आडवं नव्हतं."

"नव्हतं, काका. तुमचा शेवटचा सीझन... तुमचं मन मोडवेना."

काका चार शिव्या हासडतील असं नंदूला वाटलं. हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते सांबराच्या मानेवरून हात फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"चाळीस वर्षांत एकाचेही असे हाल केले नव्हते मी," ते म्हणाले. "माझे डोळे गेले म्हणून तुझे घेतले होते रे."

ते उठायला लागले तसा नंदूने हात पुढे केला. काकांनी झाडाला धरलं आणि उठले.